हौसाची फायनल

थंडी पडली की आमच्या शाळेच्या कार्यालयात आट्यापाट्यांची प्रमाणपत्रं यायला लागतात. दहावीच्या मुलांना खेळाचे वाढीव गुण मिळतात, त्यांचे प्रस्ताव मी तयार करते. सांगलीत लग्न होऊन आल्यावर चार वर्षांनी ही नोकरी लागली, तेव्हापासून हेच काम. कबड्डी, खो-खोची प्रमाणपत्रं असतातच. पण ज्या मुलाने आयुष्यात मैदानाची माती पायाला लावून घेतलेली नाही, त्याच्याकडे हमखास आट्यापाट्यांचं प्रमाणपत्र निघतं. संघ कमी, चुरस कमी, कागद लवकर मिळतो.

यंदा एक वडील आले. मुलगा बरोबर नव्हता.

"मॅडम, एवढं जोडून घ्या."

"खेळतो का तो खरंच?"

"म्हंजे काय! लिहिलंय की त्यात."

"मग पाट्या किती असतात, सांगा बरं."

"आवं मॅडम, पाट्या मोजायला त्याला सवड कुठली? सकाळी क्लास, संध्याकाळी क्लास."

मी शिक्का मारला. पाट्या, म्हणजे मातीवर आखलेले पट्टे, नऊ असतात. नऊ आडव्या आणि त्यांना मधोमध छेदणारी एक उभी. आडव्या पाटीवर एकेक जण अडवायला उभा राहतो आणि समोरच्या संघाने हुलकावण्या देत नऊच्या नऊ ओलांडून परत यायचं. उभ्या पाटीवर जो धावतो तो सूर. त्याला या टोकापासून त्या टोकापर्यंत मोकळीक. समोरच्याला दोन पाट्यांच्या मधे अडकवलं की कोंडी. 'कोंडी फुटली', 'कोंडी झाली' असं आपण रोज म्हणतो, ते या खेळातलं आहे हे आता सांगावं लागतं.

मला हे सगळं तोंडपाठ आहे, आणि मी कधीही आट्यापाट्या खेळलेली नाही. मी फक्त त्या दाखवल्या. एकदा पुसल्याही.

नव्वदच्या दशकात आमच्या दादाचं केबल होतं. आमचं गाव कराड-विटा रस्त्यावरचं. घराच्या गच्चीवर भली मोठी छत्री, तिच्याखाली पत्र्याची खोली, खोलीत दोन व्हीसीआर आणि पंखा. पंखा यंत्रांसाठी होता, माणसांसाठी नव्हे. दादा दिवसभर खांबांवर आणि लोकांच्या कौलांवर. खोली माझ्या ताब्यात. वीस वर्षांची होते. कुठल्या वेळी कुठली कॅसेट लावायची, कॅसेटवर चिठ्ठी काय लिहायची, कपाटात कुठे ठेवायची, हे सगळं मी ठरवायची. हिशेबी होते, नेटकी होते. लोक तेव्हाही म्हणायचे, नलू आहे म्हणून केबल चाललंय.

दादाकडे लग्नाच्या शूटिंगचा कॅमेराही होता. पौषात मुहूर्त नसतात, त्यामुळे पौषात कॅमेरा रिकामा. आणि नेमका पौषातच आमच्याकडे खेळांचा हंगाम. उसाची तोड जोरात, हवा कोरडी, सकाळी मैदानावर पाणी मारलं की दहापर्यंत माती कशी घट्ट बसायची. फक्कीच्या पांढऱ्या पाट्या त्या ओल्या मातीवर इतक्या ठसठशीत दिसायच्या की अजूनही पांढरा-तपकिरी असा कुठलाही पट्टा दिसला की मला थंडी वाजते. दादाच्या मनात आलं, कॅमेरा धूळ खातोय तर सामने घेऊ आणि रविवारी अकराला दाखवू.

पहिल्या रविवारी लोकांनी शिव्या घातल्या, कारण त्या वेळेला सिनेमा असायचा. तिसऱ्या रविवारी सिनेमा लावला म्हणून शिव्या घातल्या.

त्या अकराच्या वेळेचा गावाचा आवाज मला आठवतो. सगळ्या घरांतून एकच आवाज, आमच्या ड्रॉइंगच्या सरांचा. समालोचन ते करायचे. "आणि हुलकावणी... दिलेली आहे! आणि ती फसलेली आहे!" खेळ संपला तरी त्यांचं वाक्य संपायचं नाही. मध्येच आमचा फोन वाजायचा. "नलू, आमच्या नणंदंची पोरगी दिसली न्हाई. मागं घे की जरा." मी कॅसेट मागे घ्यायची. अख्ख्या गावाचं चित्र उलटं पळायचं, मुली पाठमोऱ्या धावत पाट्या ओलांडायच्या, आणि नणंदेची पोरगी पुन्हा एकदा बाद व्हायची. मग पोरीच्या आईचा फोन. "ते नगं दावू परत."

आट्यापाट्या पडद्यासाठी नव्हत्याच, हे आज कळतं. नऊ पाट्या एका चौकटीत बसत नाहीत. कबड्डी बसते, खो-खो मॅटवर आणून बसवला. त्यांना दिवे मिळाले, टीव्हीवर मोठमोठ्या स्पर्धा मिळाल्या, पोरांना पैसे मिळाले, चांगलंच झालं. आट्यापाट्या राहिल्या बाहेर. दादा शाळेच्या गच्चीवर चढून शूटिंग करायचा, कठड्यावर पोट टेकून, तेव्हा कुठे सगळ्या पाट्या दिसायच्या. मुली मुंगीएवढ्या दिसायच्या, पण लोकांना चालीवरून ओळखू यायच्या.

हौसा तर कुणालाही ओळखू यायची. ती सूर होती.

हौसा धनगराची. तिचे वडील, आबा, आटपाडीकडचे. दिवाळी झाली की मेंढरं घेऊन घाट उतरायचे, कोकणात जायचे, आणि पावसाच्या तोंडावर परत. हौसाला शाळेसाठी आमच्या गावात मावशीकडे ठेवलेलं. सतरा वर्षांची, सडपातळ, बोलताना तोंडावर हात. पण उभ्या पाटीवर आली की हात खाली, मान पुढे, आणि डोळे समोरच्या मुलीवर असे की ती मुलगी हुलकावणी द्यायचंच विसरायची.

मी तिला एकदा विचारलं, "तुला आधीच कसं कळतं गं, ती कुठल्या बाजूनं जाणार?"

"मेंढरू वळायच्या आधी मान वळवतंय, ताई. पाय मागनं येत्यात. मान्सं बी तशीच हायत."

त्या पौषातल्या फायनलला समोर शिराळ्याकडचा संघ होता, तगडा. शेवटचा डाव, सात मिनिटं. त्यांच्या दोघी सातव्या पाटीपर्यंत आल्या होत्या. तिथे हौसाने त्यांना धरलं. म्हणजे हात लावून बाद केलं नाही. दोघींना एकाच चौकात कोंडलं आणि शिट्टी होईपर्यंत कोंडूनच ठेवलं. एक डावीकडे उसळली की ही तिथे. दुसरी उजवीकडे सरकली की ही तिथे. जवळजवळ दोन मिनिटं. ड्रॉइंगचे सर बोलायचे थांबले, हे त्या हंगामात एकदाच झालं.

रविवारी ती कॅसेट लावली तेव्हा हौसा आमच्या घरी येऊन बघत होती. आत ये म्हटलं तरी उंबऱ्यावर बसली. स्वतःला बघून आधी ओळखेना.

"ती मी व्हय?"

"मग कोण, मी?"

खूप हसली. फोनवर फोन येत होते, कोंडी परत लावा. चार वेळा लावली. चौथ्या वेळी हौसा हसायची थांबली होती. म्हणाली, "ताई, ही ठिवचाल? आबा जेठात येत्यात. आबांस्नी दावायची हाय."

कारण होतं. तिची राज्याच्या संघाच्या शिबिरासाठी निवड होईल असं खेळाचे सर म्हणत होते, आणि आबांच्या कानावर भावकीतल्या कुणीतरी घातलं होतं की तुमची पोरगी गावासमोर चड्डी घालून नाचते. आबांनी निरोप धाडला होता, पुरे झाली शाळा. "त्यांनी बघितलंच न्हाई ना," हौसा म्हणाली. "एकदा बघू द्यात. मग आबा न्हाई म्हनायचं न्हाईत. त्यांस्नी कळंल ते काय हाय."

दादाने तिच्यासमोरच कॅसेटच्या कडेचा प्लास्टिकचा चौकोनी तुकडा स्क्रू ड्रायव्हरने मोडला. तो तुकडा मोडला की त्या कॅसेटवर पुन्हा काही भरता येत नाही. "आता ब्रह्मदेव आला तरी पुसायची नाही," दादा म्हणाला. मी चिठ्ठीवर लिहिलं, 'फायनल. हौसा. ठेवणे.' अक्षर माझंच.

वैशाखात माझा साखरपुडा ठरला. चार दिवसांत सगळं. वैशाख म्हणजे लग्नांचा कळस, कोऱ्या कॅसेटी एकही शिल्लक नाही, आणि कराडचं दुकान त्या दिवशी बंद. दादा मंडपात अडकलेला, कॅमेरा त्याचा मित्र धरणार होता. मी कपाट उघडलं. लोकांच्या लग्नांच्या कॅसेटी होत्या, त्या पुसता येत नव्हत्या. गावातल्या एका पुढाऱ्याच्या वाढदिवसाची कॅसेट होती. ती त्याने कधीच बघितली नव्हती, पण मागितली असती तर काय, म्हणून तिला हात लावला नाही. आणि हौसाची होती.

मोडलेल्या तुकड्याच्या जागी भोक पडतं. त्यावर चिकटपट्टी लावली की यंत्र फसतं, हे मला माहीत होतं. गावात ते माहीत असलेली दादा सोडून मी एकटीच असेन. चिकटपट्टीचा तुकडा कापला, कडा जुळवून लावला, अंगठ्याने दाबला. घाईत झालं, चुकून झालं, असं म्हणायला जागा नाही. कडा जुळवल्या होत्या.

मनात काय होतं तेही सांगते. मला वाटलं, खेळ काय, पुढच्या पौषात पुन्हा होईल. साखरपुडा एकदाच.

ज्येष्ठात आबा आले. मेंढरांचा वाडा ओढ्याच्या पलीकडे पडला होता, दोन दिवसांसाठी. दुसऱ्या दिवशी सकाळी हौसा त्यांना घेऊन घरी आली. तांबडा पटका, खांद्यावर घोंगडं, वहाणा बाहेर काढून आबा सोप्यात भिंतीला टेकून बसले. हौसाने चहा घेतला नाही. टीव्हीकडे तोंड करून बसली.

"दावा बाई तुमची ती फिलिम," आबा म्हणाले.

आदल्या रात्री मी उत्तर तयार ठेवलं होतं. "आबा, कॅसेटला बुरशी लागली. पावसाळी हवेनं होतं असं. चित्र दिसत नाही आता."

"बरं," आबा म्हणाले. चहा पूर्ण संपवला, बशी उपडी ठेवली आणि उठले. खिडकीतून मला आबांचा आवाज ऐकू आला. "असतं तर दावलं असतं."

हौसाने एकदा मागे वळून घराकडे बघितलं. दुसऱ्या दिवशी वाडा उठला आणि ती त्याच्याबरोबर गेली. मार्गशीर्षात तिचं लग्न झाल्याचं मावशीकडून कळलं.

त्यानंतर ती मला एकदाच भेटली, दहा-बारा वर्षांनी, सांगलीच्या बाजारात. कडेवर पोर, हातात मिरचीची पिशवी. तिनेच हाक मारली. इकडचं तिकडचं बोलणं झालं. जाताना माझ्या दंडाला हात लावून म्हणाली, "त्या कॅशेटीचं मनाला लावून घेऊ नगा, ताई. पावसापुढं कुनाचं चालतंय?" तेव्हा सांगता आलं असतं. मी म्हटलं, मिरची काय भाव मिळाली?

अशी मी आहे. कामाला चोख. शाळेत एक कागद हरवू देत नाही.

यंदा ते वडील प्रमाणपत्र देऊन गेले त्याच आठवड्यात एका शिक्षकाने मोबाइलवर दुवा पाठवला. आटपाडी भागातल्या एका गावात मुलींच्या आट्यापाट्या, थेट प्रक्षेपण. कुणीतरी फोन बांबूला बांधून ठेवला होता. चौदा जण बघत होते, त्यात एक मी. चौकटीत तीनच पाट्या मावत होत्या, मुली आत येत होत्या, बाहेर जात होत्या, चौथ्या पाटीवर काय झालं ते कळत नव्हतं. आणि चौकटीबाहेरून एक बाई ओरडत होती. "पाय बघू नगंस! मान बघ, मान!"

रविवारी मी एसटीने गेले. घरी सांगितलं, कामाने जाते आहे.

मैदान म्हणजे शाळेमागचं माळरान. चार संघ, पंचवीस-तीस बघणारे. त्यातलेही अर्धे जण प्रमाणपत्रं कधी मिळणार ते विचारत होते. हौसा फक्कीचं घमेलं घेऊन पुसट झालेली पाटी पुन्हा आखत होती. केस पांढरे, अंगाने तशीच. शाळेत खिचडी शिजवायचं काम करते आणि संध्याकाळी मुलींना शिकवते. शिकवण्याचं कुणी काही देत नाही, हे तिने तक्रार म्हणून सांगितलं नाही.

"ताई! आनि तुमी हिकडं?"

मी उभ्याउभ्याच सांगितलं. बसले असते तर सांगितलं नसतं. बुरशी लागली नव्हती, मी पुसली, माझ्या साखरपुड्यासाठी, चिकटपट्टी लावून.

तिने घमेलं कमरेला टेकवलं.

"बुरशी न्हवती?"

"नाही."

"मी पावसाला लय शिव्या घातल्या, ताई." मग, "ती साखरपुड्याची हाय का अजून?"

"आहे."

"कोन बघतंय ती?"

"कुणी नाही."

तिने मान हलवली. राहिलेली पाटी पूर्ण आखली, वाकून, सरळ, घाई न करता. मी थांबले. रडेल, बोलेल, जा म्हणेल, यांपैकी काहीतरी करावं असं मला वाटत होतं, म्हणजे माझं काम संपलं असतं. घमेलं खाली ठेवून तिने हात झटकले.

"मला सांगून काय उपेग? मला ठावं हाय मी काय खेळले ते. आबांस्नी सांगा. त्यांस्नी आजून वाटतंय, न्हवतंच काय."

"आबा आहेत?"

"हायत की. चला."

आबा अंगणात बाजेवर बसून लोकर कातत होते. चेहरा वाळलेला, हात चालू. ऐकू कमी येतं, म्हणून हौसाने कानाशी जाऊन ओरडून सांगितलं, केबलवाल्याची बहीण आली हाय. त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि कातणं चालू ठेवलं.

मी आधी चूक सांगितली, मोठ्याने. शेजारच्या दोन बाया कुंपणाशी येऊन उभ्या राहिल्या. पुन्हा सांगितली, कारण पहिल्यांदा त्यांना ऐकू गेली नाही. आपला खोटेपणा दोनदा ओरडून सांगणं ही शिक्षा पुरेशी आहे असं मला वाटलं होतं. पण आबा एवढंच म्हणाले, "मग काय हुतं त्यात?"

"कशात?"

"पुसलं त्यात."

मी काटकी उचलली आणि अंगणाच्या मातीत नऊ रेघा ओढल्या. मधून एक उभी. आणि सांगायला लागले. ती कॅसेट मी दाखवायच्या आधी तीनदा बघितली होती, साडीच्या दुकानाची जाहिरात मध्ये कुठे घालायची ते ठरवायला; दाखवताना चार वेळा. सातवी पाटी, त्या दोघी कुठे उभ्या होत्या, पहिली कशी डावीकडे उसळली, हौसाने कसा एक पाय मागे ठेवला. आठवायला थांबावं लागलं नाही. काटकीने दाखवत गेले. ड्रॉइंगचे सर कुठे गप्प झाले तेही सांगितलं. शिट्टी झाली तेव्हा गावातल्या बाया काय ओरडल्या, तेही.

आबांचे हात थांबले होते. बाजेवरून पुढे वाकून ते रेघांकडे बघत होते.

"ही दोन हितं," त्यांनी बोट दाखवलं. "आनि ही एकटी."

"एकटी."

"हात न लावता?"

"हात न लावता. शिट्टी होईपर्यंत."

"दोन अवखळ मेंढरं एका बांधावर धरायची म्हंजे..." ते हौसाकडे वळले. "तू धरलीस?"

हौसा दारात उभी होती. तोंडावर हात होता. तिने मान हलवली.

आबांनी आधी तिच्याकडे बघितलं, मग माझ्याकडे.

"एवढं तोंडपाठ हुतं तुला," ते म्हणाले. "रेघा वडायला माती तवा बी हुती. मग तवा का न्हाई आलीस, पोरी?"

मी सांगितलं, कारण आता मोठ्यानेच बोलायचं होतं आणि सगळेच ऐकत होते.

"सुचलं नाही म्हणाले तर खोटं होईल, आबा. तुमचा वाडा ओढ्यापलीकडे दोन दिवस होता. आमच्या घरापासून दहा मिनिटांची वाट. मी गच्चीवरून बघत होते."